रात्रपाळीला कोण असते?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात त्याने शाळेत जाणे जवळजवळ सोडले आहे. तो रात्रभर गेम खेळत बसतो, व्हेपमधून गांजा घेतो हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि अडवल्यावर एकदा तो वडिलांच्या अंगावर धावून गेला. एका एज्युकेशनल कन्सल्टंट बाईंनी युटा राज्यातील, फक्त मुलग्यांसाठी असलेली एक ‘थेरप्युटिक बोर्डिंग स्कूल’, म्हणजे मानसोपचारासह शिक्षण देणारी निवासी शाळा, सुचवली आहे. तिच्या संकेतस्थळावर संचालक, थेरपिस्ट आणि शिक्षक यांचे पदव्यांसह फोटो आहेत. संचालक किशोरवयात स्वतः अशाच एका शाळेत होते, असे तिथे ठळकपणे लिहिले आहे. प्रवेश विभागातून रोज फोन येतो आणि ‘एकच जागा उरली आहे’ असे सांगितले जाते. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा पाचगणीला ठेवा. या माणसांच्या हाती मुलगा सोपवावा की नाही, हे आम्ही कशावरून ठरवावे?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : पाचगणीचा मुद्दा आधी बाजूला करू या. तिथल्या निवासी शाळा शिक्षणासाठी आहेत. व्यसनाकडे झुकलेल्या आणि घरात हात उगारणाऱ्या मुलावर उपचार करण्याची त्यांची रचनाही नाही आणि तसा त्यांचा दावाही नाही. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला शिक्षा म्हणून तिकडे पाठवले, तर आजीच्या मायेपलीकडे त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

आता युटाच्या शाळेविषयी. तुम्ही संचालक आणि थेरपिस्ट यांची पाने वाचली, हे योग्यच केले. परंतु तुमचा मुलगा ज्या माणसांबरोबर सर्वाधिक वेळ काढणार आहे, ती माणसे त्या पानांवर बहुधा नाहीत. आठवड्याचे तास १६८. त्यांतील एक-दोन तास थेरपिस्टबरोबर, काही तास गटचर्चेत, एखादा तास तुमच्याबरोबर व्हिडिओवर आणि पाच दिवस वर्गात. उरलेला सारा वेळ, म्हणजे सकाळी उठवण्यापासून जेवण, आंघोळ, भांडणे, शनिवार-रविवार आणि संपूर्ण रात्र, तो ‘मेंटर’ किंवा ‘रेसिडेन्शियल स्टाफ’ म्हटल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात असतो. हे कर्मचारी पुष्कळदा विशीतले असतात, तासावर पगार घेतात, आणि ज्या प्रसंगात मूल खरोखर बिथरते त्या प्रसंगी थेरपिस्ट घरी झोपलेले असतात. म्हणून अशा शाळेच्या नेतृत्वाची पारख संचालकांच्या भाषणावरून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसांना ते कसे निवडतात, काय शिकवतात आणि किती काळ टिकवून धरतात, त्यावरून ती करावी.

हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. अमेरिकी संसदेसाठी तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००७ साली अशा निवासी कार्यक्रमांवर अहवाल दिला. केवळ २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचारी मुलांच्या छळाच्या घटनांत गुंतले असल्याचे कळवले होते, असे त्यात नमूद आहे. तपासनिसांनी मृत्यूची दहा प्रकरणे खोलवर अभ्यासली, तेव्हा अकार्यक्षम व्यवस्थापन आणि अप्रशिक्षित कर्मचारी ही कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली. मूल आजारी असल्याचे सांगत होते आणि ते सोंग करते आहे असे समजून कर्मचारी दुर्लक्ष करत होते, अशी उदाहरणे त्यात आहेत. ‘ही मुले खोटे बोलतात, समोरच्याला गुंडाळतात’ हे वाक्य नव्या कर्मचाऱ्याच्या मनावर पहिल्याच आठवड्यात बिंबवले जात असेल, तर त्याचा शेवट कुठे होऊ शकतो हे त्या प्रकरणांत दिसते.

संचालकांच्या स्वतःच्या इतिहासाविषयी तुम्ही जे लिहिले आहे, तिथे जरा थांबावे लागेल. स्वतः या वाटेने गेलेला माणूस मुलांना समजून घेईल, ही अपेक्षा चूक नाही. पण तो कोणत्या शाळेतून गेला, हे विचारल्याशिवाय ती पुरी पडत नाही. या व्यवसायाला एक वंशावळ आहे. कॅलिफोर्नियात १९५८ साली चार्ल्स डेडरिक यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘सिनॅनॉन’ ही संस्था काढली. तिथे एका व्यक्तीला मध्ये बसवून बाकीच्यांनी तिच्यावर शब्दांनी तुटून पडायचे, हाच उपचार मानला जाई. तिच्या प्रभावातून १९६७ साली मेल वॉसरमन यांनी किशोरांसाठी ‘सीडू’ ही शाळा सुरू केली आणि तासन्‌तास चालणाऱ्या तशाच आक्रमक गटबैठका तिथे आल्या. सीडू २००५ साली बंद पडली, परंतु तिच्यात घडलेल्या लोकांनी दरम्यान इतरत्र अनेक शाळा काढल्या होत्या. म्हणून संचालक, क्लिनिकल डायरेक्टर (उपचारांचे प्रमुख) आणि मालक यांनी याआधी कुठे काम केले, ती संस्था आज चालू आहे की बंद, बंद असल्यास का, आणि सध्याची शाळा पूर्वी वेगळ्या नावाने चालत होती का, हे सरळ विचारावे. नाव बदलून त्याच इमारतीत त्याच माणसांनी पुन्हा सुरू केलेल्या संस्था या क्षेत्रात नवलाच्या नाहीत.

थेरपिस्टच्या नावापुढच्या अक्षरांनी दबून जाऊ नये. एलसीएसडब्ल्यू (क्लिनिकल समाजकार्यकर्ता) किंवा एलएमएफटी (विवाह व कुटुंब थेरपिस्ट) हे राज्याचे परवाने आहेत आणि परवाना चालू आहे का, त्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे त्या राज्याच्या परवाना विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही पाहता येते. दहा मिनिटांचे काम आहे. भाड्याने घर घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो. एखादा थेरपिस्ट परवान्यासाठी लागणारे तास अजून कोणाच्या देखरेखीखाली भरत असेल, तर त्यात गैर काही नाही, मात्र देखरेख करणारी व्यक्ती त्याच आवारात असते की शेकडो मैल दूर, हे कळले पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ नसतात. मग औषध कोण देते, ते देणाऱ्याला कोणते प्रशिक्षण आहे आणि परिचारिका किती वाजेपर्यंत असते, हे प्रश्न उरतात.

‘नॅटसॅप’ या संघटनेचे सदस्यत्व शाळा अभिमानाने मिरवतात. ती १९९९ साली स्थापन झालेली या शाळांचीच संघटना आहे, परवाना देणारी शासकीय यंत्रणा नव्हे. मोंटाना राज्यात तर देखरेख करणाऱ्या शासकीय मंडळावरच या व्यवसायातील मंडळी बहुसंख्य होती. अखेर २०१९ साली विधिमंडळाने ते काम आरोग्य विभागाकडे सोपवले. कुंपणाने शेत खाल्ले असे मी म्हणणार नाही, पण कुंपणाची राखण शेताकडेच होती, हे खरे.

युटाच्या बाबतीत तुमची बाजू थोडी बळकट आहे. प्रसिद्ध अमेरिकी तारका पॅरिस हिल्टन यांनी युटातील प्रोव्हो कॅन्यन स्कूल या अशाच निवासी संस्थेतील आपल्या किशोरवयातील अनुभवांविषयी युटाच्या विधिमंडळ समितीपुढे २०२१ च्या फेब्रुवारीत साक्ष दिली आणि त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. त्यामुळे राज्याच्या परवाना कार्यालयाला अशा संस्थांची वर्षातून चार वेळा तपासणी करावी लागते, मुलांना जखडून धरणे आणि एकांतात ठेवणे यांवर मर्यादा आल्या आणि मुलाला आठवड्यातून किमान एकदा कुटुंबाशी गोपनीय संपर्क मिळाला पाहिजे अशी तरतूद झाली. तपासणीचे अहवाल मागवा आणि वाचा. देशपातळीवर डिसेंबर २०२४ मध्ये एक कायदा झाला खरा, पण त्याने प्रामुख्याने राष्ट्रीय अभ्यासाची सोय केली आहे. तुमच्या मुलाच्या खोलीबाहेर कोण बसेल, हे त्यातून ठरत नाही.

गोपनीय संपर्काच्या तरतुदीतून तुमच्या घरापुरता एक प्रश्न निघतो. पुष्कळ शाळांत सुरुवातीच्या काळात थेरपिस्ट फोनवर ऐकत असतो आणि ‘सर्वांना समजेल अशा भाषेत बोला’ असे सांगितले जाते. मुलगा आजीशी मराठीत बोलू शकेल का, हे संचालकांनाच विचारा. ‘हो, तो त्याचा हक्क आहे’ असे उत्तर आले तर ठीक. ‘त्यामुळे मूल पालकांना फितवते’ अशा अर्थाचे काही आले, तर तुमच्या अनुपस्थितीत तिथे मुलाच्या तक्रारीचे काय होत असेल, याचा अंदाज तुम्हाला त्या एका वाक्यात येईल.

प्रत्यक्ष भेटीशिवाय निर्णय घेऊ नका, आणि भेट शक्यतो शनिवारी दुपारी किंवा रात्री आठनंतर मागा. संचालकांऐवजी त्या पाळीवरच्या प्रमुखाशी बोलण्याची परवानगी मागा. रात्री कर्मचारी जागे असतात की झोपतात, एका माणसामागे किती मुले असतात, गेल्या वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, नव्या माणसाला मुलांबरोबर एकटे सोडण्यापूर्वी किती दिवस शिकवतात, मोठ्या मुलाने लहान मुलाला त्रास दिला तर कोण पाहते, मुलाला शेवटचे कधी जखडून धरावे लागले आणि त्याच्या पालकांना ते कधी कळवले, हे सारे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे असे कधी होतच नाही’ असे उत्तर मिळाले, तर मी सावध होईन. मुलग्यांच्या अशा शाळेत मारामारी कधीच होत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? चांगला संचालक तारखेसह सांगतो, त्यानंतर काय बदलले तेही सांगतो, आणि रात्रपाळीवरच्या माणसांची नावे त्याला कागद न पाहता आठवतात.

‘एकच जागा उरली आहे’ हा फोन करणारी व्यक्ती कर्मचारीच आहे, पण विक्रीची. तिला उत्तर देण्याची घाई नाही. कन्सल्टंट बाईंना मात्र शाळेकडून काही मोबदला मिळतो का, हे लेखी विचारावे. कन्सल्टंटांच्या नामांकित संघटनांच्या आचारसंहितेत असा मोबदला घेण्याला मनाई आहे, म्हणून प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. आणि मुलाला पहाटे अनोळखी माणसांकरवी उचलून नेण्याची ‘ट्रान्सपोर्ट’ सेवा कोणी सुचवली, तर ती नाकारा. नेतृत्वाला मुलाच्या विश्वासाची थोडीही किंमत असेल, तर त्याला सांगून, तुम्ही स्वतः घेऊन येण्याची वाट ते शोधतील.

प्रश्न : मी नागपूरची असून अमेरिकेत एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करत आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मुलग्यांच्या एका उपचारकेंद्री निवासी शाळेत माझी नेमणूक झाली आहे. एका संध्याकाळी मी पाच वाजता पोहोचले, तेव्हा एक मुलगा खोलीत एकटा बंद होता आणि साडेसातनंतर त्याला बाहेर काढले. नोंदवहीत मात्र ‘२० मिनिटे’ असे लिहिले गेले. पाळीप्रमुखांनी मला ‘तू विद्यार्थिनी आहेस’ असे सांगून गप्प केले. क्लिनिकल डायरेक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले, पण नोंद तशीच राहिली. तक्रार केली तर पदवी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतील, अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : क्लिनिकल डायरेक्टरांनी ऐकून घेतले आणि काही केले नाही, यात त्या शाळेची रचना दिसते. अशा अनेक ठिकाणी उपचाराचा प्रमुख हा व्यवसायप्रमुखाच्या हाताखाली असतो. खोटी नोंद दुरुस्त करायची म्हणजे पाळीप्रमुखावर कारवाई, मग माणसांची टंचाई, मग प्रवेश थांबवणे, आणि तिथे त्याचा शब्द चालत नाही. त्याची अडचण समजून घेता येईल, पण तुमचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही.

मुलांवरील अत्याचाराचा संशय आल्यास कळवण्याचे बंधन समाजकार्य करणाऱ्यांवर अमेरिकेत सर्वदूर आहे आणि युटासारख्या राज्यांत तर ते प्रत्येक नागरिकावर आहे. वरिष्ठांना सांगितले म्हणजे सुटलो, असे अनेक राज्यांत कायदा मानत नाही. राज्याच्या बालसंरक्षण हेल्पलाइनला स्वतः फोन करावा लागतो. प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्याला कायदेशीर संरक्षण असते आणि रुग्णगोपनीयतेचा नियम अशा तक्रारीला आड येत नाही. झाला प्रकार अत्याचाराच्या व्याख्येत बसतो का, हे ठरवणे तुमचे काम नाही. तुम्ही पाहिलेल्या वेळा सांगणे एवढेच तुमचे काम आहे. शाळेच्या परवान्याची जबाबदारी असलेल्या कार्यालयाकडेही खोट्या नोंदीची तक्रार वेगळी करता येते. शाळेची कागदपत्रे घरी आणू नका, त्यांचे फोटोही काढू नका. पण त्या दिवशी तुम्ही काय पाहिले ते, मुलाचे नाव न घालता, वेळेसह आजच लिहून ठेवा.

विद्यापीठात तुमच्या नेमणुकीसाठी एक प्राध्यापक-समन्वयक नेमलेला असतो. त्याला आज लेखी कळवा, कारण नेमणूक बदलून देणे हे विद्यापीठाच्या हातात आहे, त्या शाळेच्या नाही. व्हिसाबाबत एकच काळजी घ्या : तुमची नेमणूक सीपीटीच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या, परवानगीवर असेल, तर ती त्या एका संस्थेपुरतीच असते. नव्या ठिकाणी पहिला दिवस भरण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नवी परवानगी आणि नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते तो दाखला) घ्या. समन्वयकाला पाठवायच्या ई-मेलची प्रत त्या कार्यालयालाही पाठवली, तर दोन्ही कामे एकाच वेळी मार्गी लागतील.