वाचकांचे प्रश्न : इंजिनातून मधूनच येणारा ‘घुईं’ आवाज

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी गाडी नऊ वर्षांची आहे. गेल्या महिनाभरापासून बॉनेटखालून मधूनमधून बारीक ‘घुईं’ असा आवाज येतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर तो पहिली आठ-दहा मिनिटे ऐकू येतो आणि मग थांबतो. रात्री पावसात दिवे आणि वायपर चालू असले की पुन्हा सुरू होतो. गाडी उभी असतानाही ॲक्सिलरेटर दाबला की आवाजाची पट्टी चढते. गॅरेजमध्ये नेल्यावर मात्र काहीच ऐकू येत नाही. एका ठिकाणी बेल्ट बदलून झाला, दुसऱ्या ठिकाणी बेल्टवर स्प्रे मारून झाला, तरी फरक नाही. आता आल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बदलायला सांगितले आहे. बदलावा का?

उत्तर : एवढ्यात बदलू नका. आल्टरनेटरवरचा संशय योग्य दिशेने आहे, पण तो अजून सिद्ध झालेला नाही. अधूनमधून येणाऱ्या आवाजात तो कोणत्या वेळी येतो आणि कोणत्या वेळी जातो, हाच सर्वांत मोठा पुरावा असतो आणि तुम्ही तो नेमका टिपला आहे.

गाडी उभी असताना आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो, म्हणजे चाकांची बेअरिंग्ज संशयातून बाहेर पडली. गिअरबॉक्स मात्र अजून सुटलेला नाही, कारण न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना त्याचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची गती आत आणणारा दांडा) फिरतच असतो. तुमच्या गाडीला क्लच असेल, तर आवाज चालू असताना तो पूर्ण दाबून पाहा. आवाज थांबला तर त्या शाफ्टचे बेअरिंग तपासावे लागेल; काहीच बदल झाला नाही, तर आपले लक्ष बेल्टवर फिरणाऱ्या भागांकडे वळवता येईल.

आता सकाळ आणि पावसाळी रात्र या दोन वेळांत समान काय आहे ते पाहू. स्टार्टर फिरवताना बॅटरीतून एकदम मोठा वीजप्रवाह जातो आणि ती वीज भरून काढण्यासाठी पहिली काही मिनिटे आल्टरनेटरला जास्त वीज निर्माण करावी लागते. रात्री दिवे, वायपर आणि काचेवर हवा सोडणारा पंखा तेच काम पुन्हा त्याच्यावर टाकतात. विजेची मागणी वाढली की आल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) फिरवायला जड होतो, बेल्टचा ताण वाढतो आणि तो ताण बेअरिंगवर येतो. शिवाय आल्टरनेटरची पुली लहान असल्याने तो इंजिनाच्या साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरतो, म्हणून झिजलेल्या बेअरिंगचा आवाज घरघर न वाटता बारीक ‘घुईं’ असा वाटतो. मात्र बेल्टचा ताण वाढला की टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला फक्त वाट देणारी पुली) यांच्यावरचा भारही बदलतो, त्यामुळे केवळ वेळेवरून दोषी कोण ते ठरवता येत नाही.

पहिली चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. सकाळी आवाज चालू असताना गाडी उभी ठेवून दिवे, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा एकेक करून लावा व बंद करा, आणि प्रत्येक वेळी आवाजात काय फरक पडला ते लिहून ठेवा. एसी शेवटी लावा, कारण त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरही भार घेतो आणि निष्कर्ष गढूळ होतो. स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल, तर ते वळवतानाही कान द्या. तेव्हाच आवाज वाढत असेल, तर तेलाची पातळी आणि पंप आधी पाहावा.

पुढची तपासणी मेकॅनिकने करावी. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक आल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या धातूच्या आवरणावर टेकवून मूठ कानासमोरच्या हाडाला लावली, की बिघडलेल्या बेअरिंगची खरखर हाडातून स्पष्ट ऐकू येते. हेच टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंपाजवळ करून तुलना करावी. ओढणी, सैल बाही किंवा मोकळे केस बेल्टजवळ जाऊ देऊ नयेत. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्यानंतर इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा आणि प्रत्येक पुली बोटाने फिरवून पाहावी. चांगली पुली गुळगुळीत फिरते. खराब पुली हलकी भिरभिरत राहते किंवा आत वाळू दळली जात असल्यासारखी बोटाला लागते. माझ्या मते एवढी एक तपासणी अंदाजाने बदललेल्या चार सुट्या भागांपेक्षा मोलाची आहे.

मल्टिमीटरवर इंजिन चालू असताना सुमारे 13.5 ते 14.7 व्होल्ट दिसले म्हणून आल्टरनेटर निर्दोष ठरत नाही. वीज व्यवस्थित तयार होत असतानाही बेअरिंग झिजलेले असू शकते. दोष तिथेच निघाला आणि बाकी सारे ठीक असले, तर अनेकदा केवळ बेअरिंग्ज बदलूनही काम भागते. पूर्ण आल्टरनेटर घेण्याआधी हे जरूर विचारा. स्प्रे मात्र पुन्हा मारू देऊ नका. त्याने बेल्ट चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि खरे कारण झाकले जाते.

गॅरेजमध्ये आवाज का येत नाही, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे : तिथे पोहोचेपर्यंत ती आठ-दहा मिनिटे संपलेली असतात. गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मेकॅनिकला जवळ उभे राहायला सांगा.

तोवर जवळच्या अंतरासाठी गाडी वापरता येईल. पण आवाजाची घरघर झाली, बॅटरीचा दिवा लागला, रबर जळाल्याचा वास आला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करा. बेअरिंग जाम झाल्यास बेल्ट तुटू शकतो, आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल, तर थोड्याच वेळात इंजिन तापते.