पदकं राहू द्या, टायमिंग सांगा

प्रश्न : सर, नमस्कार. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. पाचवीपासून पोहते, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक हा तिचा प्रकार. शालेय राज्यस्तरावर दोनदा पदक मिळालं, राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली, पण तिथं पदक नाही. ५० मीटरच्या तलावात सध्याचं टायमिंग १ मिनिट १९ सेकंद. दहावीला ९४ टक्के. तिचा मामा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो हार्वर्ड-प्रिन्स्टनमध्ये खेळाडूंना सहज घेतात. एका सल्लागारानं ‘स्पोर्ट्स कोट्यातून खात्रीशीर ॲडमिशन’ म्हणून चार लाख सांगितलेत. आजोबांचं म्हणणं, पोहणं बंद करा आणि जेईईला बसवा. खरंच कितपत चान्स आहे?
— एक पालक, राजारामपुरी

उत्तर : मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि माणूस गोत्यात येतो तो अशा अर्ध्या खऱ्यानंच. हार्वर्डच्या प्रवेशांवर जो खटला चालला, त्यात बाहेर आलेली आकडेवारी सांगते की कोचनं निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला. बाकी अर्जदारांचं प्रमाण एकेरी आकड्यात. पण ‘कोचनं निवडलेले’ हे दोन शब्द मामा गाळतात. तिथं आपल्यासारखा कोटा नसतो. प्रत्येक कोच मोजकीच नावं घेऊन प्रवेश कार्यालयाकडे जातो. त्या यादीत नाव नसेल, तर पोहणं म्हणजे अर्जातली आणखी एक चांगली गोष्ट, बस्स.

आता कोच बघतो काय? आपण सगळे कागदावर वाढलेली माणसं. जिल्हा क्रीडा कार्यालयाचा शिक्का, प्रमाणपत्र पडताळणी, बोर्डाचे वाढीव क्रीडा गुण, पुढं सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण. या कागदाला इथं किंमत आहे, ते जपूनच ठेवा. पण ‘शालेय राज्यस्तर, द्वितीय’ यावरून अमेरिकेतल्या कोचला काडीचा बोध होत नाही. द्वितीय म्हणजे कितीजणींत, कुणापुढं? टायमिंग मात्र त्याला एका नजरेत कळतं. आपल्या वीरधवल खाडेचं २०१० च्या आशियाई स्पर्धेतलं कांस्यपदक कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण अंबाई टँकवरची पोरं पाण्याबाहेर आली की एकमेकांना विचारतात ते ‘किती लागलं?’ एवढंच. कोचचा प्रश्नही तोच.

इथं एक मेख आहे. अमेरिकी कॉलेजांच्या स्पर्धा बहुतेक २५ यार्डांच्या तलावात होतात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. तुमच्या मुलीला ५० मीटरच्या तलावात शंभराला एकच टर्न घ्यावा लागतो, तिथं तीन. अंतरही कमी, शिवाय प्रत्येक भिंतीवरून ढकलून घेतलेला वेग फुकटात. त्यामुळं तिचे १.१९ तिकडच्या हिशेबात साधारण १ मिनिट ८-९ सेकंद होतील. आणि आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनसारख्या आठ विद्यापीठांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पोहणाऱ्या मुली? साधारण मिनिटाच्या आसपास. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सात-आठ सेकंद ही दरी आहे, फट नव्हे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका : आजच्या टायमिंगवर हार्वर्ड-प्रिन्स्टनचा कोच तिच्यासाठी शब्द टाकणार नाही.

म्हणून दार बंद असंही नाही. अमेरिकी कॉलेजांच्या खेळांत डिव्हिजन थ्री नावाचा तिसरा गट आहे, त्यात अभ्यासात नावाजलेली कितीतरी छोटी कॉलेजं येतात आणि काहींच्या संघात हे टायमिंग बसू शकतं. एमआयटीचा जलतरण संघही याच गटात आहे, पण तिथले पोहणारे जोरकस आहेत आणि कोच फक्त शिफारस करू शकतो, निर्णय प्रवेश समितीचाच. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. आयव्ही लीगमध्येही नाही. मदत मिळते ती घरची आर्थिक परिस्थिती बघून, डिव्हिजन थ्रीत काही ठिकाणी अभ्यासातली गुणवत्ता बघूनही, तेव्हा ‘पोहते म्हणून फुकट शिकेल’ हे डोक्यातून काढा.

तुम्ही नव्हे, मुलीनं स्वतः कोचला ईमेल लिहावी. बापाची ईमेल कोच वाचतो, पण मनात काट मारतो. चार ओळी पुरेत : प्रकार, टायमिंग, ते कुठल्या स्पर्धेत आणि कुठल्या लांबीच्या तलावात, दहावीचे गुण. सोबत एक व्हिडिओ, आणि त्यात टर्न दिसलाच पाहिजे. भिंत सोडल्यावर पाण्याखालचा पुलआउट, म्हणजे वर येण्याआधीचा लांब फटका, किती लांब जातो, हे कोच आधी बघतात. बक्षीस समारंभाचे फोटो नकोत. हे अकरावीतच सुरू करा, कारण लवकरच्या अर्जाची मुदत बारावीच्या १ नोव्हेंबरच्या सुमारास असते. हार्वर्ड आणि एमआयटीनं एसएटी किंवा एसीटी यांपैकी एक प्रवेश परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. आणि बारावीनंतर ‘रिपीट’चं वर्ष घेणार असाल तर आधी नियम तपासा, उशिरा गेल्यास खेळण्याच्या पात्रतेची वर्षं घटू शकतात.

सल्लागाराला चार लाख देऊ नका. २०१९ साली अमेरिकेत असंच प्रकरण उघडकीला आलं. न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू दाखवून कोचना पैसे चारले होते, आईबाप तुरुंगात गेले. खात्री देणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा याहून वाईट काही करतोय.

आता आजोबा. जेईईचं त्यांचं म्हणणं रास्त आहे, पोहणं बंद करण्याचं नाही. आयआयटी मद्रासनं २०२४ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवं आणि गेल्या चार वर्षांतलं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक हवं. म्हणजे इथं पुन्हा कागद आलाच! राज्याचं पदक इथं चालणार नाही. माझ्या मते अमेरिकेपेक्षा ही वाट तिला जवळची आहे, कारण राष्ट्रीय पदकासाठी कमी करायचे सेकंद आयव्हीच्या मानानं थोडे आहेत.

ते कुठून कमी होतील हे सांगायला मात्र पत्रात एक आकडा राहिलाय. पहिल्या ५० मीटरला किती लागतात आणि दुसऱ्या ५० ला किती, हे वेगवेगळं कळवा. दुसरं पन्नास फार ढासळत असेल तर दम कमी पडतोय, आणि दम वाढवता येतो. दोन्ही जवळपास सारखी असतील तर तिच्या कोचशी स्टार्ट आणि टर्नबद्दल बोला.