वाचकांचे प्रश्न : ओकिनावाचा कराटे आणि कोल्हापूरची तालीम

मुलांच्या व्यायामाविषयी मागे या सदरात लिहिताना जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरच्या पारंपरिक कराटेचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांचा मजकूर थोडक्यात देऊन खाली उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा असून दोन वर्षे कराटेच्या क्लासला जातो. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा असते, तिची फी वेगळी. घरात पदकांनी एक भिंत भरली आहे. क्लासच्या फलकावर ‘पारंपरिक ओकिनावा कराटे’ असे लिहिलेले आहे आणि मुलाला शिस्त व नम्रता येईल असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तो धाकट्या बहिणीवर हात उगारतो आणि कॉलनीतल्या मुलांना दम देतो. क्लास बंद करावा का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ठोसा हजार वेळा मारला की ठोसा पक्का होतो. त्यातून स्वभाव आपोआप घडत नाही. तो कोणाच्या सोबतीत आणि कोणाच्या नजरेखाली मारला गेला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

ज्यांनी ओकिनावाच्या शाळांत कराटे आणला, त्या इतोसु आन्को (१८३१–१९१५) यांनी शाळकरी मुलांसाठी जुन्या, अवघड कातांमधून (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका) ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काता तयार केले. आज आपल्याकडे मुले रांगेत उभी राहून मोजणीवर जे करतात, त्याचे मूळ बरेचसे तिथे आहे. याच इतोसुंनी १९०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात कराटेविषयी दहा कलमे मांडली आणि पहिल्याच कलमात सांगितले की, ही विद्या केवळ स्वतःच्या लाभासाठी नसून घरच्यांच्या रक्षणासाठीही आहे, एकट्यादुकट्याशी झुंजण्यासाठी ती वापरायची नसून एखादा गुंड अंगावर आलाच तर इजा टाळण्यासाठी तिचा उपयोग करायचा आहे. म्हणजे मुलांच्या हाती ही विद्या देताना तिला वेसण कशी घालायची, याचा विचार पहिल्या पिढीनेच केला होता. आपल्या मुलाच्या क्लासमध्ये हा विचार कधी बोलला जातो का, हे पाहावे लागेल.

त्यासाठी एक दिवस संपूर्ण तास क्लासमध्ये बसून पाहा, मात्र आपल्या मुलाकडे पाहू नका. फरशी कोण झाडते? ओकिनावाच्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, सरावाआधी किंवा नंतर जमीन पुसण्याचे काम विद्यार्थीच करतात आणि वरच्या पट्ट्याचे लोक त्यातून सुटत नाहीत. मोठा मुलगा लहानाला जोरात लागेल असे मारतो तेव्हा शिक्षक काय करतात? दुर्लक्ष करतात, हसतात, की सराव थांबवून मोठ्याला जाब विचारतात? तपकिरी पट्ट्याची मुले पांढऱ्या पट्ट्याच्या मुलांना पाय कुठे ठेवायचा ते दाखवतात का, की कोपऱ्यात आपापसांत फाइट खेळतात? ओकिनावात आजही कितीतरी डोजो शिक्षकांच्या घरालाच जोडलेले, एका खोलीएवढे असतात. तिथे शाळकरी मुलगा, नोकरदार आणि सत्तरीचे आजोबा एकाच जमिनीवर सराव करतात, त्यामुळे आपल्यापेक्षा कमकुवत माणसाबरोबर जपून आणि जाणत्या माणसाबरोबर आदराने कसे वागायचे याचा पाठ मुलाला रोज मिळतो. एकाच वयाची चाळीस मुले एकत्र कोंबलेल्या हॉलमध्ये हा पाठ मिळणे कठीण.

बेल्टविषयीही स्पष्ट लिहितो. पट्ट्यांची पद्धत ओकिनावाची जुनी परंपरा नाही. ती जपानी मुख्य भूमीवरील जुदोमधून आली आणि फुनाकोशि गिचिन (१८६८–१९५७) यांनी टोकियोत पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. स्वतः फुनाकोशिंची तरुणपणीची दहा वर्षे नाइहान्चीचे तीन काता घोटण्यात गेली होती. मुलांना उत्तेजन म्हणून पट्टा असायला माझी हरकत नाही, परंतु दर तीन महिन्यांनी घेतलेली परीक्षा मुलाच्या प्रगतीपेक्षा क्लासच्या जमाखर्चाची सोय अधिक पाहते, असे माझे मत आहे.

तेव्हा क्लास लगेच बंद करू नका. मुलगा समोर नसताना सरांशी बोला, घरी काय घडते ते न लपवता सांगा आणि सहा महिने त्याला कोणत्याही स्पर्धेत न उतरवता नव्या मुलांना शिकवण्याच्या कामी लावावे, अशी विनंती करा. सरांनी ती हसण्यावारी नेली, तर दुसरा क्लास शोधा. बहिणीवर हात उगारण्याचा प्रश्न मात्र घरचा आहे आणि तो घरातच मिटवला पाहिजे. सरांचा धाक दाखवून मिटवलेले भांडण सरांच्या पाठीमागे पुन्हा उभे राहते.

प्रश्न : मी तालमीत वाढलेला मुलगा आहे. कॉलेजात कराटेची गोडी लागली. आजोबा जुने पैलवान. ते म्हणतात, “शाहू महाराजांच्या गावात राहून परक्याच्या दारात कशाला जायचे? आपली कुस्ती आहे, मर्दानी खेळ आहे.” त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थी, शुक्रवार पेठ

उत्तर : आजोबांशी वाद घालू नका, त्यांना एकदा सरावाला घेऊन जा. सरावाची साधने पाहिली की निम्मे काम होईल. ओकिनावाच्या पारंपरिक कराटेत ‘होजो उंदो’ नावाचा पूरक व्यायाम असतो. त्यातील ‘चि इशी’ म्हणजे लाकडी दांड्याच्या एका टोकाला बसवलेला दगड. मनगट आणि खांदा तयार होण्यासाठी तो फिरवतात. गदा आणि करेला फिरवलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. काठाला बोटांनी पकडून चालायचे जड रांजण असतात, त्यांनी पकड तयार होते. गोजु-र्यू या कराटे शैलीचे प्रवर्तक मियागी चोजुन (१८८८–१९५३) हे १९३४ मध्ये हवाई बेटांवर गेले, तेव्हा तेथील पैलवानांचा व्यायाम पाहून त्यांनी ‘कोंगोकेन’ नावाचे लांबट लोखंडी कडे आपल्या सरावात घेतले. परक्या पैलवानांकडून साधन उचलताना त्यांना कमीपणा वाटला नाही, हे आजोबांना आवर्जून सांगा.

आजोबांना आणखी आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्या बेटावर स्वतःची कुस्तीही आहे. तिला ओकिनावाचा सुमो म्हणतात, पण टीव्हीवर दिसणाऱ्या अवाढव्य देहांच्या सुमोशी तिचे फारसे साम्य नाही. दोघे एकमेकांच्या कमरेचा पट्टा धरून सुरुवात करतात आणि ज्याची पाठ जमिनीला लागते तो हरतो. चितपट हाच निकाल मानणाऱ्या आपल्या गावाला यापेक्षा जवळचा नियम कोणता असणार?

कराटे स्वतःदेखील एका घरात जन्मलेला नाही. १८७९ मध्ये जपानने खालसा करेपर्यंत ओकिनावा हे र्युक्यु नावाचे राज्य होते आणि त्याचा चीनशी शतकानुशतके व्यापार होता. मियागींचे गुरू हिगाओन्ना कान्र्यो (१८५३–१९१५) चीनमधील फुझौ शहरात शिकून आले. उएची-र्यू या दुसऱ्या शैलीचे उएची कान्बुन (१८७७–१९४८) हेही तिथेच शिकले. ‘ते’ नावाची स्थानिक लढण्याची विद्या आणि चिनी विद्या यांच्या मिश्रणातून शुरी, नाहा आणि तोमारी या गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या परंपरा तयार झाल्या. शाहू महाराजांनीही पंजाबकडच्या मल्लांना कोल्हापुरात आश्रय दिला होता आणि त्यामुळे इथली कुस्ती बाटली असे कोणी म्हणत नाही.

तालमीची आणि डोजोची खरी जुळणी मात्र साधनांच्या पलीकडे आहे. हौद्यातली माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळायची, ती मऊ ठेवायची, हे काम पठ्ठ्यांनी मिळून करायचे असते आणि त्या कामातून हौदा आपला वाटू लागतो. वस्ताद नव्या पोराला थेट डाव शिकवीत नाहीत, आधी जोर-बैठका काढून घेतात. ओकिनावाच्या नाहा परंपरेतला शिक्षकही नव्या विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने ‘सान्चिन’ या एकाच कातात उभा करतो आणि श्वास, पाय, कणा नीट आहे की नाही हे त्याच्या खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर हात मारून तपासतो. तुम्ही तालमीत जे कमावले आहे, त्यातले काहीही तुम्हाला सोडावे लागणार नाही. उलट कमरेतला जोर आणि समोरच्याच्या तोलाची जाण घेऊन तुम्ही कराटेत जात आहात, ती शहरी क्लासमधल्या बहुतेक मुलांकडे नसते. सकाळची तालीम मात्र चुकवू नका. आजोबांचा खरा राग बहुधा तिच्यासाठी असेल.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. नात ज्या क्लासला जाते तिथे मोठ्यांनाही घेतात. गुडघे थोडे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. या वयात मुलांच्या रांगेत उभे राहणे हास्यास्पद दिसेल का?
— एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : दिसणार नाही. ओकिनावाच्या शैली वाढत्या वयाला पुष्कळ सोसतात, कारण त्यांतील उभे राहण्याच्या पद्धती जपानी मुख्य भूमीवर घडलेल्या शैलींच्या मानाने उंच, सैल आणि नैसर्गिक असतात व लाथाही बहुतेक कमरेच्या खालीच मारायच्या असतात. तरीही गुडघे डॉक्टरांना दाखवून घ्या आणि खाली बसून पाय वळवण्याचे प्रकार वगळा. रक्तदाबाबाबत अधिक काळजी हवी. सान्चिन कातात सर्व शरीर आवळून जोराने श्वास सोडतात आणि त्या ताणाने रक्तदाब चढू शकतो, म्हणून तो काता आपण सैल अंगाने, श्वास न कोंडता करावा. ही गोष्ट शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. नातीला मात्र आपल्याआधी पट्टा मिळेल आणि घरी तीच आपल्याला शिकवू लागेल. आयुष्यभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला हे सुरुवातीला जड जाईल, पण नातीला त्यातून जे मिळेल ते कोणत्याही पदकाहून मोठे आहे.

प्रश्न : सरावाच्या सुरुवातीला भिंतीवरील जपानी गुरूंच्या फोटोला वाकून नमस्कार करावा लागतो. हा धार्मिक विधी आहे का?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. इतोसुंच्या ज्या पत्राचा उल्लेख वर आला आहे, त्याची सुरुवातच कराटे बौद्ध किंवा कन्फ्युशियसच्या मतातून आलेला नाही या खुलाशाने होते. वाकणे हे जपानी रीतीचे अभिवादन आहे. सोबत्यालाही तसेच वाकून अभिवादन करतात. आपल्या मनाला पटत नसेल, तर मुलाने फोटोसमोर शांत उभे राहिले तरी चालावे. समजदार शिक्षक त्यावर अडून बसणार नाहीत.

प्रश्न : आमचे शिक्षक नोकरीनिमित्त परगावी गेले. मागे आम्ही दहा-बारा जण उरलो आहोत. काही जण यंत्रमागावर पाळीने काम करतात, काही दुकानदार आहेत, दोघी गृहिणी आहेत. शिक्षकांशिवाय सराव चालू ठेवता येईल का, की मोबाइलवरच्या व्हिडिओंवर आपापल्या घरी शिकावे?
— एक गट, इचलकरंजी

उत्तर : घरोघरी पांगू नका. व्हिडिओ विसरलेली हालचाल आठवून देण्यापुरता ठीक आहे, पण टाच उचलली जाते आहे किंवा खांदा वर चढतो आहे हे तो सांगू शकत नाही. शेजारी उभा असलेला माणूस सांगतो. मियागींचे १९५३ मध्ये निधन झाले, तेव्हा युद्धात उद्ध्वस्त झालेले ओकिनावा अमेरिकी अमलाखाली होते आणि त्यांचा एकच एक वारस ठरलेला नव्हता. तरीही विद्यार्थ्यांनी सराव सोडला नाही, पुढे आपापले डोजो काढले आणि गोजु-र्यू टिकला.

त्या बेटावरच्या लोकांना एकत्र राहण्याची सवय शेतीपासूनच आहे. तिथेही ऊस पिकतो आणि तोडणीच्या वेळी शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या रानात जातात. त्याला ते ‘युइमारु’ म्हणतात. आपल्याकडच्या पैऱ्याचीच ही रीत आहे. दरमहा जमून ठरलेली रक्कम काढायची आणि ती पाळीपाळीने एकेकाला द्यायची, अशी ‘मोआई’ नावाची त्यांची भिशीही आहे. तुमच्या गटाने या दोन्हींचा आधार घ्यावा. पाळ्या बदलत असल्याने सगळे रोज जमणार नाहीत, म्हणून आठवड्यातला एक दिवस सर्वांचा आणि बाकीचे दिवस जे येतील त्यांचे असे ठरवा. सराव कोण घेणार तेही आळीपाळीने ठरवा, कारण शिकवण्याची पाळी आली की आपल्याला काय येत नाही ते उघडे पडते. जो सलग दोन आठवडे आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे; यंत्रमागाची मंदी, आजारपण, घरातली अडचण, काय असेल ते कळते आणि बहुतेकदा माणूस परत येतो.

नवे काता स्वतःहून शिकू नका. जे येतात तेवढेच घोटा आणि महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढून वर्षातून दोनदा जुन्या शिक्षकांना जाण्यायेण्याचा खर्च देऊन बोलवा, म्हणजे चुका वेळीच दुरुस्त होतील. तोवर कोणी कोणाला बेल्ट देऊ नये आणि सुरक्षेची साधने व देखरेख नसताना मोकळी फाइटही खेळू नये. जमाखर्चाची वही दोघांच्या सहीने ठेवा. लहान मुलांना घ्यायचे झाल्यास सरावाच्या वेळी पालकांपैकी एक जण हॉलमध्ये बसेल, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.