मालक दादरच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट देत नाही. पोलीस म्हणतात, ‘हे दिवाणी आहे.’ म्हणजे काय?

करार मोडला की दावा तुम्ही लावायचा आणि पैसे वसूल करायचे, ते दिवाणी. फौजदारीत खटला बहुधा सरकार चालवतं, शिक्षा होऊ शकते, म्हणून गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत कुणाची बाजू जास्त पटते, एवढं पुरतं. तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवा.

मात्र त्याने एकच खोली दाखवून चौघांकडून डिपॉझिट उकळलं असेल, तर ती सरळ फसवणूक. पोलिसांकडे पुन्हा जा, लेखी तक्रार द्या. आणि परतफेडीचा चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवाच. नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक वगैरेंचा कायदा) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते.