सगळे काकाच होते म्हणून?

अगं, तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "मावशी, पंधरा काका आणि मी एकटी, आणि वर देव देव, मला नाही जमणार." वाचून हसूच आलं, कारण दारू सोडणाऱ्यांच्या बऱ्याच मीटिंगांत अगदी असंच असतं. आपल्याकडे मुलगी पिते हेच घरात कोणी तोंडाने बोलत नाही, मग ती मीटिंगला दिसणार कुठून? पण एका संध्याकाळवरून एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आपल्यासाठी नाहीच असं ठरवून टाकलंस ते मला पटलं नाही. प्रत्येक ग्रुप आपला आपण चालतो, वर कोणी साहेब बसलेला नसतो, त्यामुळे एका ठिकाणी नुसती भाषणं तर दुसऱ्या ठिकाणी लोक मोकळेपणी रडतात पण. चार-पाच ग्रुप बघ, मग बोल.

आणि घराजवळचा कुठला हे आधी नको शोधूस. तुझी वाईट वेळ कुठली ते बघ. तूच सांगितलंस ना, साडेसातला ऐरोलीचं ऑफिस सुटतं, लोकलने कोपरखैरणे, आणि स्टेशन ते फ्लॅट या रस्त्यात वाईन शॉप. म्हणजे तुझी मीटिंग आठच्या सुमाराला हवी, आणि त्या दुकानाच्या अलीकडे हवी. रविवारी सकाळची कितीही छान असली तरी मंगळवारी रात्री आठला ती तुझ्या काय कामाची? मी तर म्हणते उलटी ठाण्याची गाडी पकड, ऐरोलीहून दोन स्टेशनं, आणि तिथे सोसायटीतलं कोणी भेटायची भीती पण कमी. भाषा पण बघ. तू ऑफिसात इंग्लिश झाडतेस ते ठीक आहे, पण आईशी ज्या भाषेत भांडतेस त्या भाषेतच खरं बाहेर येतं, म्हणून एखादी मराठी मीटिंग करच.

देवाचं म्हणशील तर 1935 साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले तेव्हा हे सुरू झालं. दारू सोडायच्या एएच्या बाराच्या बारा पायऱ्या नंतर लिहिल्या गेल्या, आणि त्यात पण देव म्हणजे ज्याला जसा समजला तसा असंच आहे. मेंबर व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट, आरतीची नाही. तरीही अगदीच नको वाटलं तर स्मार्ट रिकव्हरी म्हणून आहे, 1994 पासून, त्यात देव नाही, विचारांवर आणि सवयींवर काम करतात, ऑनलाईन मीटिंगा असतात. फक्त ऑनलाईनवर अडकून राहू नकोस, कॅमेरा बंद करून हातात ग्लास धरता येतो, तुलाही माहितीये.

बायकांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, ऑनलाईन तर नक्की सापडतील, त्यातली एखादी आठवड्याला धरच. मिक्स मीटिंगमध्ये मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. नवीन मुलगी आली की एखादा फारच काळजीवाला निघतो, गाडीने सोडू का, रात्री कधीही फोन कर वगैरे. चांगले लोक खूप आहेत गं, पण नंबर बायकांचाच घे आणि स्पॉन्सर, म्हणजे हात धरून नेणारी जुनी मेंबर, बाईच कर. आणि फी कुठेही नसते, शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, जमलं तर दहा-वीस टाक नाहीतर पुढे सरकव. कोणी पॅकेज सांगायला लागलं, औषध विकायला लागलं, तर ते दुसरंच काहीतरी आहे, तिथून ऊठ.

आता महत्त्वाचं, जे तू मेसेजच्या शेवटी घाईत लिहिलंस. सकाळी हात थरथरतात ना? मग मनाने एकदम बंद करू नकोस. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर पण बेततं. आधी डॉक्टर, मग मीटिंग, किंवा दोन्ही एकदम. कोणाला विचारायचं कळत नसेल तर 14446 लाव, सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, फुकट. ॲडमिट व्हायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी वेगळा विभाग आहे, तेव्हा उगाच घाबरू नको.

आणि आईला आत्ताच सांग, दारू सुटावी म्हणून गुपचूप चहात पुडी बिडी घालायची नाही. कोणी ना कोणी शेजारीण सुचवतेच. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास होणारं औषध, असलं आणि तुला न कळता वरून प्यायलीस तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, सगळं होऊ शकतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून.

शनिवारी मी येते ठाण्याला. सातला स्टेशनबाहेर पश्चिमेला उभी राहीन, तिथून चालत जाऊ. ओपन मीटिंग आहे, म्हणजे न पिणाऱ्यांनाही चालते, आईला आणायचं असेल तर आण, पण नसेल आणायचं तर तेही सांग, मी तिच्याशी वेगळं बोलेन. आत गेल्यावर नुसतं पहिलं नाव सांगायचं, आडनाव नाही, कंपनी नाही, आणि बोलावंसं वाटलं नाही तर आज ऐकते म्हणायचं. आणि जेवून ये गं, उपाशीपोटी तलफ जास्त येते.

मावशी