गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

प्रश्न : वय ३१, विवाहित, राहणार इंदूर. एक मुलगा आहे. गर्भनिरोधक साधन वापरूनही दिवस राहिले, १३ आठवडे झालेत. मला दुसरं मूल नको आहे, नवऱ्याला हवंय. नर्सिंग होमवाले म्हणतात, 'पति के साइन और आधार लाओ.' कायदा तसा आहे का?

उत्तर : नाही, ताई. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कलम ३(४) नुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. ती 'फॉर्म सी'वर द्यायची. त्यात 'अमुकची पत्नी किंवा मुलगी' अशी जागा असते, तिथे वडिलांचं नाव लिहा. नवऱ्याचं लिहिलंत, तरी ती त्याची संमती ठरत नाही.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं आणि साधन निकामी ठरणं हे कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. बाईच्या देहाचा निर्णय शेवटी डॉक्टरच्या मतावर ठेवणं मला पटत नाही, पण आजचा कायदा असा आहे.

दवाखाने सही मागतात ती नवरा कोर्टात खेचेल या धास्तीने. अशाच एका नवऱ्याने बायकोवर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. सप्टेंबर २०२२ च्या निकालात तर याच न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरांनी घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत.

आता वेळ घालवू नका. आधी दवाखान्यात लावलेलं मान्यतेचं प्रमाणपत्र वाचा. काही केंद्रांना फक्त १२ आठवड्यांपर्यंतचीच मान्यता असते, तिथे तुमचं काम होणारच नाही. मान्यता पुढची असूनही सहीवर अडत असतील, तर नकार कारणासह लेखी मागा आणि त्याच दिवशी दुसरं मान्य केंद्र किंवा एमवाय हे इंदूरचं सरकारी रुग्णालय गाठा. तक्रार सीएमएचओंच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात द्या, पोच घ्या. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन १५१००.

मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका. गोळ्यांची मुदत नियमाने ९ आठवड्यांपर्यंतच आहे, १३ व्या आठवड्यात रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून सोनोग्राफी लगेच करा. २० ओलांडले की दोन डॉक्टर लागतात, तेही नियमांतल्या ठरावीक गटांसाठी, आणि तुमचं कारण तिथे तोकडं पडू शकतं.

नवऱ्याला दवाखाना कळवू शकत नाही. कलम ५(ए) प्रमाणे तुमचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. वैद्यकीय कारणाशिवाय किंवा नवऱ्याला न विचारता केलेला गर्भपात मानसिक क्रूरता ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एका घटस्फोटाच्या निकालात म्हटलं आहे. त्याने गर्भपात बेकायदा होत नाही, पण उद्या घटस्फोटाचा दावा आलाच तर हा मुद्दा काढला जाईल. त्यासाठी डॉक्टरांच्या नोंदीत साधन निकामी झाल्याचं कारण स्पष्ट लिहून घ्या आणि सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवा.