आवडत्या कथेतल्या पात्राचं नाव बाळाला ठेवावं का?

जरूर ठेवा, फक्त कथा पूर्ण झालेली असू द्या.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका सुरू असताना अनेक आईवडिलांनी मुलींची नावं त्यातल्या राणीवरून डेनेरिस, किंवा तिच्या किताबावरून खलीसी अशी ठेवली. गुलामांना सोडवणारी म्हणून ही राणी सगळ्यांची लाडकी होती. २०१९ साली शेवटच्या भागांत याच राणीनं शरण आलेलं अख्खं शहर जाळलं, आणि तोवर त्या मुली चालत्या-बोलत्या झाल्या होत्या! लेखक पुढे काय करेल, हे आपल्या हातात नसतं.

पण कल्पनेतून आलेलं नाव म्हणजे उसनं किंवा हलकं, असं मला अजिबात वाटत नाही. व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टनं एका कवितेसाठी घडवलं. वेंडी हे नाव रूढ झालं ते १९०४ सालच्या 'पीटर पॅन' या नाटकामुळे. आज ही नावं ऐकताना कोणाला ते नाटक किंवा ती कविता आठवतही नाही.

म्हणून मी एकच कसोटी लावेन: ज्याला ती कथा ठाऊकच नाही, त्याच्या कानाला हे नाव कसं लागतं? आडनावासकट मोठ्यानं म्हणून बघा. हजेरीत पुकारलं जाताना, नोकरीच्या अर्जावर, चाळिशीतही ते शोभेल का? शोभत असेल तर बिनधास्त ठेवा. नाहीतर घरात हाक मारायला ते आहेच, कागदोपत्री दुसरं लावा.